हजेरी कुणी मांडायची? कोपरखैरण्यातल्या चार मुलांच्या संघाचं प्रकरण

मोबाइलवरचा गेम संघातून स्पर्धेसाठी खेळणाऱ्या एका मुलाच्या दोनशे पानी वहीतलं हे पान ऑगस्ट २०२३ मधलं आहे. सोमवार ते रविवार, रकाने मुलाने स्वतः पट्टीने आखलेले. स्क्रिम्स, म्हणजे दुसऱ्या संघांशी सराव सामने, २१ तास. लाइव्ह स्ट्रीम ८ तास. वॉर्म-अप ५ तास. जुने सामने बघून चुका काढणं ७ तास. मीटिंग, पोस्टर शेअर करणं, संघमालकाच्या पोस्टखाली कमेंट टाकणं ३ तास. शेवटचा रकाना मी आखायला लावला होता, 'स्वतःसाठी खेळलो' असा. त्यात अख्ख्या आठवड्याची मिळून ४० मिनिटं आहेत. तीही वेगळ्याच खेळाची, आईच्या जुन्या फोनवरच्या फुटबॉलची.

ही वही मी त्याचं व्यसन मोजायला सुरू केली होती. हे आधीच सांगते, कारण या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे.

मी समाजकार्य शिकले आणि कोपरखैरण्यातल्या एका अभ्यासिकेत दर रविवारी मुलांशी, पालकांशी बोलायला बसते. माझे वडील वाशीच्या एपीएमसीच्या घाऊक बाजारात माथाडी होते, त्यामुळे इथल्या वसाहतीतल्या बऱ्याच घरांत मला थेट स्वयंपाकघरापर्यंत वाट आहे. या घराने लिहायला संमती दिली आहे. नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला मी मुलगाच म्हणणार आहे आणि त्याच्या वडिलांना, तो म्हणतो तसं, आण्णा.

जून २०२३ मध्ये त्याची आई माझ्याकडे आली. "ताई, पोरगं हातचं चाललंय बघा. बारावी झाली, पुढचं नाव काढत न्हाई. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत कानाला ते लावून ओरडतंय, 'मागे बघ, मागे बघ' म्हणून. ह्यांची उठायची वेळ साडेतीनची. बाप उठतो तवा पोरगं झोपतं. एवढ्याशा घरात दोघांची गाठच पडत न्हाई."

घर

आण्णा पाटण तालुक्यातले. गाव सोडून मुंबईला आले तेव्हा गावचेच चार जण वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात हमालांच्या टोळीत होते, त्यांच्या मागोमाग हेही लागले. पुढे कोपरखैरण्यात माथाडींसाठीचं बैठं घर मिळालं, त्यावर कर्ज काढून मजला चढवला. मुलगा त्या वरच्या खोलीत खेळायचा.

माथाडी म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं, कारण या प्रकरणाची किल्ली मला तिथेच सापडली. माथ्यावर ओझं वाहणाऱ्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. गोणी उतरवली तर वाराई, म्हणजे त्या ओझ्याची मजुरी, गाडीच आली नाही तर काहीच नाही. अशा माणसाला कामगार म्हणायचं कसं, त्याचा मालक दाखवा, असं म्हणून कित्येक वर्षं त्याला सगळ्या कायद्यांच्या बाहेर ठेवलं गेलं. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने मालक शोधत बसण्याऐवजी मंडळं नेमली, ज्यांत सरकार, मालक आणि कामगार या तिघांचेही प्रतिनिधी बसतात. टोळीची नोंदणी झाली. कामाची नोंद होऊ लागली. मजुरी व्यापाऱ्याने मंडळात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरचा ठरावीक टक्के आकार, भरायची आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी. आण्णांच्या आयुष्यातलं सगळं स्थैर्य, डोक्यावरचं छप्पर धरून, त्या नोंदीतून आलेलं आहे. ते स्वतःही तसंच म्हणतात. "आम्ही काय एकाएकी कष्टाळू झालो न्हाई. वज्जं आधीबी तेवढंच व्हतं. कागदावर आलो, म्हणून माणसात आलो."

आणखी एक. खेळून पोट भरणं आण्णांना परकं नव्हतं. त्यांचे चुलते पैलवान. पाटण-कराडच्या जत्रांमधून कुस्त्या मारायचे, इनामावर घर चालायचं, तालमीतला खुराक गावातली दोन बरी घरं पुरवायची. अंग उतरलं तसे तेही बाजारात गोण्या उचलायला आले. मुंबईत आल्यावर आण्णांनी कबड्डीची पोरं बँकेत आणि रेल्वेत लागलेली पाहिली, ड्यूटीच्या वेळात सराव करताना पाहिली. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा असतात हेही त्यांना ठाऊक. त्यामुळे 'खेळून काय होणार' असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं ते असं. "कुस्तीचं मैदान गावाचं असतं ताई. ह्याचं मैदान कुणाचं?"

त्या दिवशी मला या प्रश्नाचं वजन कळलं नाही.

मैदान

मुलगा दहावीत होता ते २०२०-२१ चं वर्ष. मे २०२० मध्ये एपीएमसी काही दिवस पूर्ण बंद ठेवावी लागली आणि बाजार उघडल्यावर आण्णा जीव मुठीत धरून कामाला जात होते. ऑनलाइन शाळेसाठी घरात पहिला चांगला स्मार्टफोन आला. त्यावर पबजी आलं, बंदुका घेऊन उतरायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं असा खेळ. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ भारतासाठी वेगळ्या नावाने, बीजीएमआय म्हणून आला. अठरा वर्षांखालच्यांना पालकाच्या फोन नंबरवर संमती घ्यावी लागे. ती संमती याच्या आईने दिली होती, कशाची ते न कळता. त्याच वर्षी खेळाच्या पहिल्या मोठ्या अधिकृत स्पर्धेत बक्षिसांची एकूण रक्कम १ कोटी रुपये होती. सोळा वर्षांच्या, माथाडी वसाहतीतल्या मुलाने तो आकडा वाचला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मी सांगायला नको.

मग २८ जुलै २०२२. मुलगा बारावीत. संध्याकाळी बातमी आली की खेळ अ‍ॅप स्टोअरवरून काढला. फोनमध्ये आधीपासून होता त्यांचा चालत राहिला, पण अधिकृत स्पर्धा थांबल्या. दहा महिने. याच काळात, डिसेंबर २०२२ मध्ये, केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेम्सना, क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. म्हणजे खेळ म्हणून मान्यता मिळाली आणि खेळायला मैदान नव्हतं, अशी स्थिती. मे २०२३ च्या शेवटी खेळ परत आला तो तीन महिन्यांच्या चाचणीवर, वेळेचं बंधन घेऊन. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा.

कुस्तीवर कुणी बंदी घातली तरी दोन माणसं शेतात माती उकरून भिडू शकतात. इथे मैदान, चेंडू, नियम, पंच आणि गुणफलक हे सगळं एका कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि तो सर्व्हर चालू ठेवायचा की नाही हे आणखी दुसरंच कुणी ठरवतं. आण्णांनी नेमकं हेच विचारलं होतं.

संघात चौघं. एक घणसोलीचा, एक रबाळ्याचा, एक ऐरोलीचा आणि हा. लॉकडाउनमध्ये खेळातच ओळख झाली आणि दीड वर्षाने घणसोली स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर पहिल्यांदा समोरासमोर भेटले. त्यातला घणसोलीचा आयजीएल, म्हणजे कुठे उतरायचं, झोन, म्हणजे खेळात आकसत जाणारी सुरक्षित जागा, कसा घ्यायचा, कधी भिडायचं हे बोलणारा. दोघं पुढे घुसणारे. आमचा मुलगा सपोर्ट. स्मोक, म्हणजे धुराचा पडदा, टाकायचा, कव्हर द्यायचा, नॉक होऊन पडलेल्या साथीदाराला उठवायचं. त्याच्या नावावर किल कमीच दिसायचे. चौघांपैकी कुणालाही विचारा, याच्याशिवाय आम्ही शेवटच्या झोनपर्यंत पोचलो नसतो, असंच सांगतील.

करार

जुलै २०२३ मध्ये मुलगा अठराचा झाला आणि त्याच महिन्यात एका ई-स्पोर्ट्स संस्थेने चौघांना घेतलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिचं ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे. करार ११ पानी, इंग्रजीत. घरात कुणी वाचला नाही. आईने पेढे वाटले. मला तो करार नोव्हेंबरमध्ये दाखवला गेला, आणि याची खंत मला आजही आहे, कारण ऑगस्टमध्ये मी विचारायला हवं होतं.

त्यात होतं ते असं. महिना ८,००० रुपये 'सहकार्य मानधन'. दुपारी २ ते ५ आणि रात्री ८ नंतरचे सराव सामने सक्तीचे, गैरहजेरीला प्रत्येकी २०० रुपये कपात. महिन्याला ठरावीक तास स्ट्रीम, संस्थेच्या लोगोसह. दुसऱ्या कुठल्याही संघासोबत, 'मैत्रीखातरसुद्धा', स्पर्धा खेळायची नाही. बक्षिसातले ३० टक्के संस्थेचे. फोन संस्थेचा, करार संपला की परत. मुलाचा यूट्यूब चॅनल कराराच्या काळात संस्थेच्या ताब्यात. आणि नवव्या पानावर एक कलम, ज्यावर माझं सगळं म्हणणं उभं आहे. खेळाडू आणि संस्था यांच्यात मालक-नोकर असं कोणतंही नातं नाही, खेळाडू हा खेळ 'स्वेच्छेने आणि आवडीपोटी' खेळतो.

वेळ त्यांनी ठरवलेली, दंड त्यांनी लावलेला, साधन त्यांचं, वेष त्यांचा, बाहेर खेळायला मनाई. आणि तरीही आवडीपोटी. हे वाचताना माझ्या वडिलांनी सांगितलेलं व्यापाऱ्यांचं जुनं वाक्य आठवलं, 'हमाल आमचा नाही, तो त्याच्या मर्जीने येतो'.

वही

पण ऑगस्टमध्ये मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्यापुढे आईची तक्रार होती आणि हाताशी व्यसनाचे निकष. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला वरचढ स्थान मिळणं, नुकसान होत असूनही खेळत राहणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, असे त्याचे निकष. मी ते धरून प्रश्न विचारत गेले.

"थांबावंसं वाटलं तर थांबता येतं का तुला?"

"थांबलो तर दोनशे कापतात ताई."

"झोप, जेवण यांच्यापेक्षा खेळाला महत्त्व देतोस असं वाटतं?"

"स्लॉट आठचा असतो. जेवण नऊला असतं आपल्याकडे."

"खेळताना बरं वाटतं का?"

इथे तो थांबला. "आधी वाटायचं," म्हणाला.

मी हे सगळं 'टाळाटाळ' म्हणून लिहून घेतलं. आज तो कागद बघवत नाही. प्रत्येक उत्तर एखाद्या कारखान्यातल्या कामगाराने दिलं असतं तसं होतं आणि माझे कान एका आजाराची लक्षणं शोधत होते. व्यसन खोटं असतं असं मी म्हणत नाही. अभ्यासिकेत मी अशी दोन मुलं पाहिली आहेत ज्यांना खरोखर डॉक्टरकडे पाठवावं लागलं. पण त्या निकषांमध्ये एक प्रश्न नसतो, 'हा तास कुणाच्या मालकीचा आहे?' आणि तो विचारला नाही तर शिफ्ट आणि व्यसन बाहेरून अगदी एकसारखे दिसतात.

वहीनेच मला भानावर आणलं. आठवड्याला ४४ तास म्हणजे महिन्याला साधारण १९० तास. ८,००० ला १९० ने भागलं तर तासाला ४२ रुपये. हा भागाकार मुलाने स्वतः केला, माझ्यासमोर, वहीच्या कडेला. मग बराच वेळ तो आकड्याखाली रेघ ओढत बसला.

रकान्यांच्या आत काय होतं ते सांगायला हवं, कारण काम आणि खेळ कुठे मिसळतात ते बेरजेत दिसत नाही. वॉर्म-अप म्हणजे चार-विरुद्ध-चारचे झटपट सामने. लॉकडाउनमध्ये तो हेच सामने मामेभावाबरोबर हसतखेळत तासन्‌तास खेळायचा. आता तेच बोटांचा व्यायाम म्हणून, ठरावीक बंदुकीने, घड्याळ लावून. मामेभावाने बोलावलं तर 'नको, फॉर्म बिघडतो'. स्ट्रीमवर पूर्वी तो मराठीत बोलायचा, बघणारे पंधरा-वीस जण, सगळे वसाहतीतले. संस्थेने सांगितलं हिंदीत बोल आणि हसत राहा. "हरल्यावर पण हसायचं, ताई. लोक दुःखी चेहरा बघायला येत नाहीत म्हणाले." स्क्रिम्सचा एकेक सामना १६ संघांचा, ६४ मुलांचा. त्यातली बहुतेक त्याच्यासारखीच, दुपारी दोनला कुठल्या ना कुठल्या वरच्या खोलीत दार लावून बसलेली.

आणि ती सहा तासांची मर्यादा. लहान वाटणारी, पण मला सगळ्यांत बोलकी वाटलेली गोष्ट. स्क्रिम्स, स्ट्रीम आणि वॉर्म-अप मिळून त्याचे खेळातले तास सहा दिवसांत ३४, म्हणजे रोज सहाच्या आतबाहेर. खेळाने त्याला 'आज पुरे' असं सांगितलं की तो खेळातून बाहेर पडायचा आणि तासभर व्हिडिओ लावून चुका काढायला बसायचा. मर्यादा खेळावर होती, कामावर नव्हती. कामावर मर्यादा घालायला आधी ते काम आहे असं कुणीतरी म्हणावं लागतं.

रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्येच लिहिलं होतं की पैशासाठी उतरणारा मुष्टियोद्धा किंवा घोडेस्वार रिंगणात कामगारच असतो, तो खेळतो तेव्हा दुसरंच काहीतरी खेळतो. आईच्या फोनवरचं ४० मिनिटांचं फुटबॉल मला त्यामुळे एकदम समजलं. २००५ मध्ये युलियान क्युक्लिश या अभ्यासकाने 'प्लेबर' हा शब्द काढला, खेळ आणि श्रम यांच्या इंग्रजी शब्दांना जोडून. त्याच्या डोळ्यांपुढे हौसेने खेळात नवे भाग बनवणारे लोक होते. काउंटर-स्ट्राइक हा जगप्रसिद्ध खेळ असाच १९९९ मध्ये दोन हौशी तरुणांनी हाफ-लाइफ या दुसऱ्या खेळावर बेतून तयार केला. पुढे मूळ कंपनीने तो घेतला आणि त्या दोघांना कामावरही घेतलं. ती दोघं नशीबवान. हौस म्हणून केलेल्या बाकीच्या असंख्य लोकांच्या तासांना मात्र हौस हेच नाव राहिलं.

कायवाच्या वाक्यात मला एक भर घालावीशी वाटते. रिंगणातला मुष्टियोद्धा कामगार आहे हे त्याच्या ठेकेदारालाही माहीत असतं. आमच्या मुलाच्या बाबतीत ते माहीत नसल्यासारखं वागण्यातच फायदा होता. सरावाला ये म्हणताना 'प्रोफेशनल हो', आणि पैसे मागितले की 'अरे, तू तर पॅशनसाठी खेळतोस ना'. खेळ आणि काम यांच्यातली रेघ आपोआप पुसट झालेली नव्हती. ज्याला ज्या दिवशी सोयीची पडेल तशी ती तो सरकवत होता.

नोव्हेंबर

सप्टेंबरचं मानधन अर्धं आलं. ऑक्टोबरचं आलं नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये संघाने एका मधल्या फळीतल्या स्पर्धेत तिसरा नंबर काढला. बक्षीस ६०,००० रुपये, आयोजकाने ते संस्थेच्या खात्यात जमा केले. संस्थेचे ३० टक्के वजा जाता ४२,००० चौघांचे, प्रत्येकी १०,५००. ते कधीच हातात पडले नाहीत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रुपवर दोन ओळी आल्या, लाइनअप रिलीज करत आहोत, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. म्हणजे चौघांनाही सोडलं. फोन कुरिअरने परत मागवला. चॅनलचा पासवर्ड बदललेला होता आणि दोन दिवसांनी त्याचं नावही.

पैशांपेक्षा मुलाला चॅनलचं लागलं. दहावीपासूनचे व्हिडिओ होते. एकात मॅच ऐन रंगात असताना मागून आण्णांचा आवाज येतो, "आरं झोप की आता, बाजाराची येळ झाली माझी." त्यावर वसाहतीतल्या पोरांनी खाली लिहिलेलं, 'आण्णांना सांगा शेवटचा झोन आहे'. तो व्हिडिओ आता कुठल्या तरी दुसऱ्या नावाच्या चॅनलवर आहे, की काढून टाकलाय, ते त्यालाही कळायला मार्ग नाही.

आम्ही काय केलं ते थोडक्यात. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळावा म्हणून अर्ज भरायला बसलो. 'व्यवसाय' या रकान्यात मुलाने आधी 'विद्यार्थी' लिहिलं, पण प्रवेश कुठेच घेतला नव्हता. ते खोडून 'खेळाडू' लिहिलं, तर पुरावा म्हणून कुठल्याच क्रीडा संघटनेचं पत्र नव्हतं. शेवटी उत्पन्नाच्या दाखल्यावर काम झालं आणि तो रकाना रिकामाच गेला. वकीलबाईंनी करार वाचून सरळ सांगितलं की वाद लवादाकडे, तोही त्यांच्या शहरात. चौघांच्या येण्याजाण्यात बक्षीस संपेल. तरी त्यांनी नोटीस पाठवली. तीन आठवड्यांनी राहिलेल्या मानधनातले ८,००० आले, सोबत एक अक्षर नाही. बक्षिसाबद्दल मौन.

नोटिशीत सगळ्यांत जास्त उपयोगी पडली ती वही. खेळाने प्रत्येक सामन्याचा, प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवला होता. किती अंतर चाललास, किती डॅमेज दिलास, किती जणांना उठवलंस, सगळं. इतकी बारीक हजेरी आण्णांच्या मुकादमाने कधी मांडली नसेल. पण ती कंपनीच्या सर्व्हरवर, खेळाडूच्या कौतुकासाठी. तिच्यातून 'हा माणूस या संस्थेसाठी इतके तास राबला' असं वाक्य निघत नव्हतं. ते वाक्य निघालं पट्टीने आखलेल्या रकान्यांतून.

कराचा भाग मला आधी कंटाळवाणा वाटला होता. अभ्यासिकेत अधूनमधून येणाऱ्या एका सीए मित्राने समजावलं तेव्हा चित्र लख्ख झालं. स्ट्रीममधून यूट्यूबकडून येतील ते पैसे धंद्याचं उत्पन्न. संस्थेने दिलेलं मानधन व्यावसायिक सेवेचं शुल्क. आणि ऑनलाइन खेळात जिंकलेली निव्वळ रक्कम असेल तर १ एप्रिल २०२३ पासून तिच्यावर सरसकट ३० टक्के कर, उत्पन्न कितीही कमी असलं तरी, कारण कायद्याच्या नजरेत ती लॉटरीच्या जवळची. एकच मुलगा, एकच खोली, एकच रात्र. आठ ते बारा या चार तासांत तो धंदेवाईक, व्यावसायिक आणि नशीबवान असा तिन्ही असू शकतो. कामगार हा शब्द तेवढा कुठल्याच रकान्यात येत नाही.

दहा मिनिटांचं दुकान

फेब्रुवारी २०२४ पासून मुलगा कोपरखैरण्यातच एका डार्क स्टोअरमध्ये, म्हणजे गिऱ्हाईक आत येत नाही अशा, झटपट घरपोच माल देणाऱ्या अ‍ॅपच्या गोदामात, पिकर आहे. अ‍ॅपवरून ऑर्डर आली की रॅकवरून सामान उचलून पिशवी भरायची आणि रायडरच्या हाती द्यायची. कंत्राटदारामार्फत नोकरी, पण पगाराची स्लिप येते, पीएफ कापला जातो.

मी एकदा त्याला भेटायला गेले तेव्हा आत भिंतीवर स्क्रीन होता. आजचे पिकर, प्रत्येकाच्या ऑर्डर, सरासरी सेकंद, क्रमांक. हातातल्या यंत्रावर ऑर्डर आली की उलटी मोजणी सुरू. आमचा मुलगा दुसऱ्या क्रमांकावर होता. हिरव्या अक्षरांत.

"हे सोपं आहे ताई," तो म्हणाला. "रॅकचा मॅप पाठ झाला की झोनसारखंच. कुठला माल कुठे, कुठून कापत जायचं." चेहऱ्यावर खरा आनंद होता, मी तो नाकारणार नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण पहिल्या तिघांत राहायचं म्हणून पोरं पाणी प्यायला जात नाहीत."

म्हणजे आधी त्याच्या खेळावर शिफ्ट चढवली गेली आणि आता शिफ्टवर खेळ चढवला जातोय. दोन्हीकडे पडद्यावर तेच, क्रमांक आणि घड्याळ. फरक त्याला विचारला तर तो थेट सांगतो. "इथं दहाला सुटलो की सुटलो. आणि स्लिप येते." आण्णांना हे पटकन कळलं. "पोरगं कांदेच उचलतंय की माझ्यावानी," असं म्हणाले, "फक्त किलोकिलोचे."

आण्णांनी मात्र स्क्रीनचं ऐकल्यावर कपाळाला आठ्या घातल्या. टोळीत मजुरी सगळ्यांची मिळून वाटली जाते. एखादा जास्त दमला तर दुसरा त्याच्या वाटच्या दोन गोण्या उचलतो आणि त्याची नोंद वेगळी होत नाही. भिंतीवरच्या यादीत तसं करायला जागाच नाही. सपोर्ट खेळणाऱ्या मुलाला हे मी सांगायची गरज नव्हती. तो सध्या नव्याने लागलेल्या एका पोराला आपल्या ऑर्डरच्या मध्ये रॅक दाखवतो आणि त्यामुळे दुसऱ्यावरून पाचव्यावर येतो.

कायदा दरम्यान पुढे सरकला आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता, अशी त्याची मांडणी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आहे, नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर राहून काम करणारा आणि त्यातून कमावणारा. माझ्या मते करार केलेला ई-स्पोर्ट्स खेळाडू या शब्दांत बसतो. अट एकच, तो करतो त्याला आधी काम म्हणायला हवं. एक कायदा त्याला खेळाडू म्हणून ओळखतो, दुसरा त्याला कामगार म्हणून ओळखू शकेल, आणि दोघांची अजून भेट झालेली नाही. खेळाडूंची नोंदणी, लेखी तास आणि बक्षीस आधी एका तिऱ्हाईत खात्यात भरणं, इतकं जरी झालं तरी यातलं निम्मं दुखणं कमी होईल. १९६९ मध्ये हमालांसाठी जे सुचलं त्याहून हे अवघड नाही.

वही अजून चालू आहे. घणसोलीच्या मुलाने दुसऱ्या संस्थेशी करार करायच्या आधी तो माझ्याकडे आणला, आम्ही दोन कलमं बदलून घेतली आणि तोही आता तास लिहितो. डार्क स्टोअरमधली पाच पोरं लिहितात, त्यांत पाणी प्यायला कितीदा गेलो असा एक रकाना त्यांनीच वाढवला. आमचा मुलगा रविवारी मामेभावाबरोबर खेळतो, जुन्या फोनवर, मराठीत शिव्या देत. 'स्वतःसाठी' या रकान्यात मागच्या रविवारी १ तास ५० मिनिटं होती.

शेवटच्या पानावर 'येणे' असं लिहून खाली १०,५०० चा आकडा आहे. मध्यंतरी मुलगा ते पान फाडायला निघाला होता. आण्णांनी वही काढून घेतली, आकड्यापुढे तारीख घातली आणि त्याला खाली सही करायला लावली.